थदडी आणि अग्निशामक दलाची शिडी

त्या दिवशी मी मेलो नव्हतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण कोबे शहरात कितानोच्या चढावर राहणारे निम्मे लोक अजूनही मला रस्त्यात पाहून आधी दचकतात आणि मग कमरेत वाकून नमस्कार करतात. खरोखर मेलो असतो तर एवढी शोभा झाली नसती. मेलेल्या माणसाला निदान धड सदरा तरी घालतात. मला शिडीवरून चढून आलेल्या चार धिप्पाड माणसांनी बनियनमध्ये पाहिलं, आणि त्या बनियनला भोक होतं.

भोक कुठे होतं ते सांगणार नाही. माणसाला काही खासगी आयुष्य असतं, असा माझा त्या दिवसापर्यंत समज होता.

सगळ्याचं मूळ गेल्या हिवाळ्यात आहे. स्टेशनकडे उतरताना बर्फावरून माझा पाय सटकला. लोक म्हणतात पडलो. मी म्हणतो बसलो. जरा वेगाने बसलो, एवढंच. पण आमच्या इमारतीची देखभाल बघणाऱ्या हिराता-साननी (सान म्हणजे आपलं राव, बाई, सगळं एकच) ते पाहिलं, आणि हिराता-साननी पाहिलेली गोष्ट म्हणजे सरकारी नोंदच. त्यांनी तोक्योला माझ्या मुलाला फोन लावला. हरेश दुसऱ्याच गाडीने हजर.

"बाबा, आता पुरे झालं. तुम्ही दोघं तोक्योला चला."

"पन्नास वर्षं मी या गावात कापड विकलं," मी म्हणालो. "भूकंपात दुकान जमीनदोस्त झालं तेव्हा हललो नाही. आता एका घसरण्यापायी हलू?"

"तुम्ही पडलात, बाबा."

"बसलो."

"रस्त्याच्या मधोमध?"

"जिथे जागा मिळाली तिथे बसलो!"

हरदेवी, म्हणजे माझी बायको, हळद-दूध घेऊन आली आणि म्हणाली, "दोघंही गप्प बसा. मी कुठेही जाणार नाही. माझी मंडई इथे, माझं देऊळ इथे, शेजारच्या ओकुदा-सान इथे." हरदेवीने एवढं म्हटलं की आमच्या घरात ठराव मंजूर होतो. हरेशने मग मधला मार्ग काढला. गॅस कंपनीची एक योजना होती. मीटरला एक डबी बसवायची. घरात ठरावीक वेळ गॅस पेटलाच नाही, तर मुलाच्या फोनवर इशारा जातो, आणि मुलाने उत्तर दिलं नाही किंवा म्हातारे फोन उचलत नसले तर पुढची माणसं पाठवतात. भूकंपानंतर या गावाला एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची काळजी करायची सवयच लागली आहे. कल्पना चांगली आहे, फक्त ती माझ्यावर राबवली नसती तर.

"पण बाबा, एक जरी इशारा आला तर वाद घालायचा नाही. सामान बांधायचं आणि तोक्यो. शब्द द्या."

मी शब्द दिला. आम्ही सिंधी माणसं. सिंध गेलं, घरं गेली, पेढ्या गेल्या, पण बाजारात दिलेला शब्द फिरवला असं आमच्या खानदानात कोणी दाखवून द्यावं. शिवाय मला त्यात धोका दिसलाच नाही. हरदेवीच्या घरात गॅस पेटत नाही असा दिवस कसा येईल? ती सकाळी उठते तीच आधण ठेवायला. तर हे ठरलं, डबी बसली, आणि मी ते विसरून गेलो.

आता देवधर्माबद्दल थोडं बोलतो. कंटाळा आला तरी ऐका, पुढे लागणार आहे. या देशात येऊन मी शेजाऱ्यांना देवापायी कधीही त्रास दिलेला नाही. जो काही त्रास झाला तो देवाला झाला. हरदेवी लग्न होऊन आली तेव्हा सकाळ-संध्याकाळ घंटा वाजवून आरती करायची. भिंती पातळ. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ केकचा डबा घेऊन आले आणि 'आमचंच काहीतरी चुकत असेल' म्हणून आमचीच माफी मागून गेले. जपानी माणूस तुमची माफी मागायला आला की समजून घ्यावं, चूक तुमची आहे. त्या दिवशी घंटेच्या जिभेला फडकं बांधलं. पुढे घरात धूर ओळखणारं यंत्र बसलं, उदबत्ती गेली. मग तुपाचा दिवाही गेला. आता देवापुढे बॅटरीची ज्योत लुकलुकते आणि ती दर दिवाळीला नवी विकत आणावी लागते. नारळ आपटल्याने जमीन हादरते म्हणून मी तो करवतीने कापतो. होळीचा रंग न्हाणीघरात दार लावून खेळतो. चेटीचंडला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, झूलेलालची ज्योत वाजतगाजत नेऊन समुद्रात सोडायची असते. बंदरातल्या साहेबांनी फार अदबीने नकाशा उलगडून दाखवला की या समुद्रात काहीही सोडायला मनाई आहे. तेव्हापासून आमचा पाण्याचा देव देवळाच्या सभागृहात प्लास्टिकच्या टबात पोहतो. आणि देवाने कधी केकचा डबा पाठवला नाही हो! जे दिलं ते गोड मानून घेतलं.

राहता राहिली थदडी. तुमच्याकडे श्रावणात शिळासप्तमी करतात ना, आमची थदडी तिचीच बहीण. राखीनंतर आठवड्याने येते. आदल्या दिवशी सगळं रांधून ठेवायचं, संध्याकाळी शेगडीची पूजा करून तिच्यावर पाणी शिंपडायचं, 'आई, लेकरांना गार ठेव' म्हणून देवीला हात जोडायचे, आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची नाही. गारढोण अन्न खायचं. बस. आवाज नाही, धूर नाही, मिरवणूक नाही, समुद्रात काही सोडणं नाही. काहीही न करण्याचा सण! यावर जगातला कोणता शेजारी तक्रार करील? मला तर वाटायचं, हा सण आमच्या पूर्वजांनी जपानलाच डोळ्यांसमोर ठेवून काढला असावा.

यंदा थदडी ऐन ऑगस्टच्या उकाड्यात आली. आदल्या दिवशी हरदेवीने तुपावर लोले, म्हणजे गुळाच्या जाडजूड पोळ्या, भाजले, कोकी, म्हणजे मसाल्याच्या जाड रोट्या, केल्या, कारली भरली, दहीवडे केले. संध्याकाळी शेगडी घासूनपुसून लख्ख केली, हळदकुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं आणि तिला म्हणाली, "झोप आता." आमची शेगडी तीन डोळ्यांची आहे. तिन्ही मिटले.

सकाळी आमची पहिली ठिणगी उडाली ती आंघोळीवरून.

"गार पाण्याने करा," हरदेवी म्हणाली.

"अगं, पण पाणी तापवायचं यंत्र बाहेर गॅलरीत आहे. त्याचा चुलीशी काय संबंध?"

"त्याच्या पोटात ज्योत पेटते ना?"

"पेटते."

"मग ती चूलच. गॅलरीत राहायला गेली म्हणून काय परकी झाली?"

मी परसरामला फोन लावला. परसराम आमच्या समाजाचा जुना कारभारी. प्लास्टिकचा टब त्याच्याच डोक्यातून निघाला. कुठल्याही धर्मसंकटातून तो मागच्या दाराने वाट काढून देतो. तो म्हणाला, "अदा, भाऊ माझ्या, गॅस नको तर नको, पण वीज म्हणजे काही अग्नी नव्हे. भाताचा कुकर लाव, किटलीत चहा कर, मजा कर."

मी हरदेवीला हा निकाल ऐकवला. ती म्हणाली, "परसरामला म्हणावं, वीज अग्नी नसेल तर उघड्या तारेला हात लावून दाखव." परसरामने फोन ठेवला.

त्यानंतर मात्र तिच्या अंगात संचारलं. घरात जे जे गरम होतं त्याची तिने झडती घेतली. किटलीचा प्लग काढला. कुकरचा काढला. शौचकुपाची बैठक बसल्यावर ऊब देते, तिचाही काढला. "तिथे कोण बघायला येतंय?" मी म्हणालो. "देवी सगळीकडे बघते," ती म्हणाली. त्यानंतर मी तिथे जायचं टाळलं. एसीला मात्र तिने हात लावला नाही. "तो गार करतो. तो देवीचाच माणूस." शेवटी स्वयंपाकघरातली ती लांब पट्टी, जिच्यात सहा-सात प्लग एकत्र कोंबलेले असतात, तिने मुळापासूनच उपटली. त्या पट्टीवर घरचा फोन होता, दारावरच्या घंटेचा डबा होता आणि बॅटरी पार संपलेला माझा मोबाईल नुकताच चार्जिंगला लावलेला होता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. हरदेवीचा मोबाईल पर्समध्ये असतो, पर्स कपाटात असते, आणि त्याचा आवाज बंद असतो, कारण वाजला की ती दचकते.

दुपारी आम्ही जेवलो. गार लोला आणि दही यांची जोडी फार वाईट, हात थांबत नाही. जेवल्यावर हरदेवी आतल्या खोलीत आडवी झाली. मी बैठकीत एसीखाली चटईवर पडलो, कानातलं यंत्र काढून ठेवलं आणि कपाळावर ओला पंचा घेतला. एवढा सुखी मी कित्येक महिन्यांत झालो नव्हतो. बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. डबीने इशारा दिला होता. हरेश फोनवर फोन करत होता. हिराता-सान दारावरची घंटा बडवून थकले होते. मग त्यांनी जवळची किल्ली लावून पाहिली, तर आतून साखळी. म्हणजे माणसं आत आहेत आणि हाकेला ओ देत नाहीत. बाहेर ऊन असं की रस्त्यात चिमण्या पडाव्यात. हिराता-साननी जे करायचं ते केलं.

मी डोळे उघडले तेव्हा माझ्या चेहऱ्यावर एक शिरस्त्राण ओणवलेलं होतं. गॅलरीचं दार उघडं होतं, बाहेर शिडीचं टोक दिसत होतं, आणि चौघांचे बूट गॅलरीत ओळीने काढून ठेवलेले होते. मेलेल्या माणसाच्या घरातही हे लोक बूट घालून शिरणार नाहीत. मी घाईने कानातलं यंत्र लावलं.

"नाव सांगा! तुमचं नाव!"

"नानिक लखियाणी."

"आज कोणता दिवस आहे?"

झोपेतून उठलेला माणूस, खरं तेच सांगणार. मी म्हणालो, "थदडी."

त्याने मागे वळून ओरडून सांगितलं, "शुद्धीवर आहेत, पण असंबद्ध बोलताहेत!" दुसऱ्याने माझं तापमान पाहिलं आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "अंग गार पडलंय."

एवढ्यात हरदेवी ओढणी सावरत बाहेर आली. चार अनोळखी पुरुष आणि मधोमध पसरलेला नवरा पाहून दुसरी बाई किंचाळली असती. ही म्हणाली, "गारच असणार! सकाळी गार पाण्याने आंघोळ केली, गार जेवले, गार झोपले. आज गार राहायचाच दिवस आहे. गरम लागले असते तर मी विचारलं असतं, कुठे काय खाऊन आलात."

मग साखळी काढली आणि आमच्या बैठकीत लोक शिरले. हिराता-सान. वॉर्डातर्फे म्हाताऱ्यांची विचारपूस करणाऱ्या मियाके-सान, ज्या पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही आहेत असं त्यांना वाटतं. शेजारच्या ओकुदा-सान, वय चौऱ्याऐंशी, हातात पंखा. आणि निळ्या गणवेशातला, अर्धं टक्कल पडलेला गॅस कंपनीचा माणूस. सगळ्यांनी वाकून माझी माफी मागितली. आठ माणसं एकदम! मी मनात म्हटलं, नानिक, आज तुझी चूक फारच मोठी दिसते.

मी सदरा चढवेपर्यंत हिराता-साननी माझ्या कानाला फोन लावला. पलीकडे हरेश. तो गाडीत बसलाही होता.

"बाबा! तुम्ही... अम्मा कुठाय?"

"इथेच आहे. दोघंही ठणठणीत आहोत. आज थदडी आहे, बाळ."

फोनमध्ये गाडीची घरघर येत होती. मग तो फार हळू आवाजात म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही गेलात." आणि मग एकदम चढ्या आवाजात, "हे बघा. गॅसवाला आहे ना तिथे? एक मिनिट शेगडी पेटवा. इशारा आपोआप मागे घेतला जातो. मी वाटेत नागोयाला उतरतो आणि परत जातो. काही झालंच नाही असं धरू. नाही पेटवलीत, तर इशारा तो इशारा. तुम्ही शब्द दिला आहे."

म्हणजे गणित सोपं होतं. एक मिनिट ज्योत, नाहीतर घर गेलं. मी फोन ठेवून हरदेवीकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं.

"उद्या सकाळी पेटवीन," ती म्हणाली.

गॅसवाला पुढे आला. फार सज्जन माणूस. वाकून म्हणाला, "बाईसाहेब, माझ्या यंत्राप्रमाणे या घरात या क्षणी जिवंत माणूस नाही. आपण एकदाच बटण फिरवलंत, तर फार उपकार होतील."

"मी समोर उभी आहे ती दिसत नाही का?"

"मला दिसता. यंत्राला दिसत नाही."

मियाके-सान म्हणाल्या, "देवीची नंतर माफी मागता येईल. आम्ही नेहमी असंच करतो." हिराता-साननी सुचवलं की शेगडी उचलून बाहेर जिन्यात नेली तर ती तांत्रिकदृष्ट्या घरातली राहणार नाही. गॅसवाला घाबरून म्हणाला, तसं अजिबात करू नका. तेवढ्यात परसरामचा फोन हिराता-सानच्याच मोबाईलवर आला, बातमी देवळापर्यंत पोचलीही होती. त्याचं म्हणणं, शेगडी माचिसने पेटवली तर ती पेटवली असं होतं, बटणाने आपोआप पेटली तर करणारे आपण नव्हेच. हरदेवीने मोबाईल परत हिराता-सानच्या खिशात घातला.

मी कबूल करतो, माझा धीर सुटला. हरेश राहतो तो तोक्योतला उंच मनोरा माझ्या डोळ्यांपुढे आला, खाली मुंग्यांएवढी माणसं, ओळखीचं एकही दुकान नाही. मी म्हणालो, "जरा तोंड धुऊन येतो," आणि न्हाणीघरात गेलो. तिथे गरम पाण्याचा नळ आहे. तो सोडला की गॅलरीतलं यंत्र पेटतं. शेगडी झोपलेली ती झोपलेलीच. मी भिंतीवरचं बटण दाबलं, नळावर हात ठेवला. दाराच्या फटीतून पाहतो तो गॅसवाल्याने सगळं ओळखून सभ्यपणे भिंतीकडे तोंड केलं होतं, आणि हिराता-सान पाण्याचा आवाज झाकायला मोठमोठ्याने खोकायला लागले होते. अख्खं कोबे माझ्या बाजूने उभं होतं.

आणि तेवढ्यात हरदेवीचा आवाज आला. ती मियाके-सानशी बोलत होती, तिच्या त्या मंडईत शिकलेल्या जपानीत.

"तुम्ही म्हणालात घंटा नको, मी फडकं बांधलं. धूर नको, दिवा विझवला. समुद्र नको, टब आणला. काही बोलले का मी? एक तरी शब्द? आता मी काहीच करत नाही. वर्षातून एक दिवस हात जोडून नुसती बसते. त्यालासुद्धा शिडी लावता? काही न करायलाही इथे परवानगी लागते का हो?"

खोकणं थांबलं. मी नळावरचा हात काढला. मला रागच आला, आणि तो नेमका कोणावर ते सांगता येणार नाही. जरासा परसरामवर, पुष्कळसा माझ्यावर. पन्नास वर्षं मी या बाईच्या देवाला करवतीने कापत आलो होतो, आणि आज ती न्हाणीघराबाहेर उभी राहून एकटी लढत होती. मी बाहेर आलो आणि भाषण केलं. जपानीत माझं पहिलंच भाषण, कापडाचे भाव सोडले तर.

"गॅस पेटणार नाही!" मी म्हणालो. "शेगडी नाही आणि नळही नाही. तुमच्या यंत्राला सांगा, या घरात दोन माणसं आहेत, ती जेवली आहेत, आणि चूल आज रजेवर आहे. चुलीला रजा घ्यायचा हक्क नसेल तर तसं लेखी द्या! तोक्योला जावं लागलं तर जाऊ, पण उद्या जाऊ. आज आमचा सण आहे!"

हरदेवीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, तसं तिने आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, "उभे का सगळे? बसा. जेवण तयारच आहे, गरम करायचा प्रश्न नाही."

अग्निशामक दलाचे लोक कामावर असताना खात नाहीत. त्यांनी तसं निक्षून सांगितलं, म्हणून तिने त्यांना लोले बांधून दिले. बाकीचे बसले. गॅसवाल्याने कारलं खाल्लं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं की नोकरीच्या काळजीचं, देव जाणे. ओकुदा-सान मात्र लोल्याचा एक तुकडा तोंडात घोळवत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "लहानपणी आमच्या तांबा भागातल्या डोंगराळ खेड्यात नव्या वर्षाचे पहिले तीन दिवस आई चूल पेटवायची नाही. चुलीचा देव दमतो म्हणायची. आदल्या दिवशी रांधून डब्यांत भरून ठेवायचं आणि गारच खायचं. आता ते डबे दुकानातून येतात, आणि देव दमतो की नाही ते कोणी विचारत नाही." त्या मियाके-सानकडे वळल्या. "तुमच्याकडे नव्हतं का हे?"

मियाके-साननी हातातला घास खाली ठेवला. "होतं," त्या म्हणाल्या. "आजी करायची." आणि त्यांनी शाळेतल्या मुलीसारखा आणखी एक लोला मागितला.

हरेश संध्याकाळी पोचला. गळ्यातला टाय एका बाजूला, सदरा घामाने चिकटलेला, हातात ऑफिसचीच बॅग. बैठकीत चाललेली पंगत पाहून तो दारातच उभा राहिला. पाहुणे भराभर उठले, त्याचीही माफी मागून पसार झाले.

"गंमत वाटते तुम्हाला!" तो ओरडला. "तुमचा आवाज ऐकेपर्यंत मी खिडकीला डोकं टेकून बसलो होतो! तिकडून पुढचं सगळं ठरवत होतो मी, कोणाला कळवायचं, कुठे न्यायचं! एक बटण, अम्मा! एक बटण फिरवता आलं नाही?"

"नाही," हरदेवी म्हणाली.

"मग ठरल्याप्रमाणे. बाबा?"

"शब्द दिलाय," मी म्हणालो. "शब्द शब्दच. येऊ आम्ही."

हरदेवी उठली. ती देवाजवळचा तांब्या घेऊन आली, आणि शेहेचाळीस वर्षांच्या त्या घोड्याच्या डोक्यावर, सदऱ्यावर, टायवर तिने चांगलं ओंजळभर पाणी शिंपडलं. दर थदडीला शिंपडायची तसंच. "आई, याला गार ठेव," ती म्हणाली. मग त्याच्याकडे पाहून, "अठरा वर्षांचा होईपर्यंत लोल्यासाठी भांडायचास. आज कोणता दिवस आहे, तुला आठवलं नाही ना रे?"

हरेशच्या नाकावरून पाणी ओघळत होतं. त्याने मान हलवली. नाही आठवलं. मग तो बॅग खाली टाकून जमिनीवर बसला, आणि तिने पान वाढलं.

सकाळी हरदेवीने शेगडीला हात जोडले आणि पेटवली. आधण ठेवलं, आलं ठेचलं. बैठकीत झोपलेल्या हरेशचा फोन टिंग करून वाजला. त्याने तो उचलला, वाचला, आणि तसाच हातात धरून बसून राहिला.

"काय आलं?" मी विचारलं. "पुन्हा मेलो की काय आम्ही?"

"'आज सकाळी घरात गॅस वापरला गेला. सर्व कुशल,'" त्याने वाचून दाखवलं. "रोज येतो हा, बाबा. मी गाडीत दांडी धरून उभा असतो. हा आला की मग मी ऑफिसच्या जिन्याकडे वळतो. काल मी फलाटावर उभाच राहिलो होतो, तो येईलच म्हणून."

मला एकदम भरून आलं. कालपासून मी त्या डबीला पहारेकरी समजून शिव्या घालत होतो. माझा मुलगा रोज सकाळी तिकडे उभा राहून आईच्या आधणाची वाट बघत होता, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"म्हणूनच म्हणतो, चला," हरेश म्हणाला. "तिथे डोळ्यांसमोर असाल."

हरदेवीने चहा गाळला, कप त्याच्या हातात दिला आणि शेगडीला टेकून उभी राहिली.

"चलते. तुझ्याकडे शेगडी कुठे आहे रे?"

"शेगडी नाही, अम्मा. काचेची पाटी आहे, सगळं विजेवर. एवढ्या उंचावर ज्योतीला परवानगीच नाही."

"म्हणजे तुझ्या घरात चूल पेटतच नाही?"

"नाही."

"बारा महिने थदडी," ती म्हणाली. "मग तिथे येऊन मी रोज सकाळी काय पेटवू? आणि तुझी आई उठली आहे, हे तुला गाडीत कळवणार कोण?"

हरेशने त्या निळ्या ज्योतीकडे पाहिलं. मग चहा संपवून तो फोनवर दुपारच्या गाडीचं तिकीट काढायला बसला. एकच काढलं.